ओढणे सोपे, आवरणे अवघड : तळेगावच्या घाटातून ओझ्याचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #विदर्भ

१/
नागपूर-अमरावती महामार्गावर, वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव आहे. जवळच सत्याग्रही घाट. हौद्यात संत्र्याचे क्रेट किंवा गिट्टी, मागे हुकाला अडकवलेली ट्रॉली आणि समोर उतार, असा पिकअप या रस्त्याला नवा नाही. 'किती ओढते?' हा या गाडीविषयीचा पहिला प्रश्न असतो. 'किती आवरते?' हा प्रश्न फार कमी जण विचारतात. या धाग्याचा विषय तो दुसरा प्रश्न आहे. 🧵

२/
आधी भूगोल. तळेगावच्या पूर्वेला कारंजा (घाडगे), कोंढाळी आणि पुढे नागपूर. पश्चिमेला वर्धा नदी ओलांडली की तिवसा आणि पुढे अमरावती. एक फाटा आर्वीला, दुसरा आष्टीला जातो. सातपुड्याच्या पायथ्याचा हा चढउतारांचा, काळ्या मातीचा, कापसाचा आणि संत्र्याचा मुलूख. सखल वऱ्हाड आणि नागपूर यांच्यामधल्या मालाला येथे चढाव आणि उतार चुकत नाही.

३/
मांडणी अशी : ओझ्याच्या वाहतुकीचा इतिहास आपण ताकदीचा इतिहास म्हणून शिकतो. बैल, रेल्वे, मोटार, म्हणजे क्रमाक्रमाने वाढत गेलेली शक्ती. वास्तविक तो मर्यादेचाही इतिहास आहे. प्रत्येक युगात 'याहून अधिक नको' हे कोणीतरी सांगत होते. ते सांगणारे कोण होते, आणि आज ते गप्प का आहेत, हे पाहिले पाहिजे.

४/
पहिला टप्पा चाकाविना होता. दख्खनेत मालाची मोठी वाहतूक शतकानुशतके बंजाऱ्यांच्या तांड्यांनी केली. धान्य, मीठ आणि कापूस बैलांच्या पाठीवरून जात असे. गोणी दोन्ही बाजूंना सारखी हवी, नाहीतर बैल लंगडतो. तांड्याला सडक लागत नसे, पायवाट पुरे. ओझ्याची मर्यादा बैलाच्या पाठीवर ठरे. पाठ सोलवटली की दुसऱ्या दिवशी तो बैल चालत नसे आणि नुकसान थेट मालकाचे होई.

५/
वऱ्हाडचा कापूस याच रीतीने गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. १८२० च्या दशकात विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकारांनी तो मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या दिशेने वळवला. बैलाच्या पाठीवरचा कापूस वाटेत धूळ खाई, पावसात भिजे, आणि पोचेपर्यंत त्याची प्रत उतरे. गाडी हवी होती. परंतु गाडीला सडक हवी, आणि सडकेला राज्यसत्ता किंवा पैसा हवा.

६/
सडक नसताना जड ओझे हलवायचे म्हणजे काय, याचे या परिसरातील सर्वांत ठळक उदाहरण १८०३ च्या डिसेंबरमधले आहे. आडगावच्या लढाईनंतर (२९ नोव्हेंबर १८०३) आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी मेळघाटातील गाविलगड वेढण्याचे ठरवले. किल्ल्याची उत्तर बाजू मारा करण्यास सोयीची होती, पण तेथवर वेढ्याच्या तोफा न्यायला वाट नव्हती.

७/
स्टीव्हन्सनची फौज ७ डिसेंबरला अचलपुराहून निघाली आणि १२ तारखेला गडाच्या उत्तरेस लाबाडा येथे पोचली. अंतर सुमारे ३० मैल. या मार्गाचा बहुतेक भाग तोफा आणि दारूगोळा माणसांनी हातांनी ओढला. डोंगर आणि दऱ्यांमधून जाणारी वाट त्यांनाच आधी तयार करावी लागली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला.

८/
या प्रसंगाची आठवण पराक्रम म्हणून ठेवली जाते. वाहतुकीच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा आहे. दिवसाला सरासरी पाच-सहा मैल एवढाच वेग, आणि तोही पूर्ण फौज राबवून! जड ओझ्याचा खरा अडसर ओढणाऱ्याची ताकद नव्हती, वाट होती. आज चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीची जाहिरात जेव्हा 'रस्ता नसला तरी चालेल' असे सांगते, तेव्हा ती याच जुन्या अडसराला उत्तर देत असते.

९/
दोन दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या हातून गेला. तळेगावची पूर्व बाजू नागपूरकरांकडे राहिली. म्हणजे पुढील अर्धशतक येथील मालाच्या वाटेवर नदीबरोबर सरहद्दही होती. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर, १८६२ मध्ये, वर्धा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला.

१०/
आता ओढणाऱ्याकडे वळू. आर्वी, आष्टी, कारंजा हा पट्टा गवळाऊ जातीच्या गोवंशाचे माहेर आहे. नाव गवळी समाजावरून आले. रंग पांढरा वा करडा, बांधा हलका, पाय लांब, चाल तुरतुरीत. डोंगराळ भागात जलद वाहतुकीसाठी मराठा फौजांनी ही जात जोपासली, असे पशुपैदाशीच्या ग्रंथांत सांगितले जाते. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे या जातीच्या पैदाशीचे सरकारी केंद्र आहे.

११/
येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. गवळाऊ हा सर्वांत बलदंड बैल नव्हे. मोठे ओझे हळू ओढण्यापेक्षा मध्यम ओझे वेगाने नेणे हा त्याचा गुण. येथील लोकांनी आपल्या चढउतारांना साजेसा बैल निवडला. कमाल ताकदीपेक्षा वाटेला साजेशी ताकद निवडण्याची ही समज होती. आजच्या गाडीखरेदीत तीच पहिल्यांदा हरवते.

१२/
बंडी म्हणजे नुसती दोन चाकांवरची पेटी नव्हे. तिची धुरा, जू, आरे, तुंबा आणि लोखंडी धाव या सर्वांमागे हिशेब असतो. माल भरताना गाडीवानाची पहिली चिंता तोल ही असे. मागे वजन अधिक झाले तर गाडी 'उलार' होते, म्हणजे जू वर उचलले जाते आणि बैलांचे गळे आवळतात. पुढे अधिक झाले तर सारा भार मानेवर येतो. भार थोडासा पुढे हवा, फार नको.

१३/
'उलार' हा शब्द पाठ करून ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे पिकअपच्या ट्रॉलीपाशी तोच परत येणार आहे. शेकडो वर्षांच्या गाडीवानीने शोधलेला हा नियम आधुनिक ट्रेलरच्या मार्गदर्शिकांत आकड्यांनिशी सापडतो : ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग हुकावर यावा. यापेक्षा कमी आला तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि पुढच्या गाडीलाच फिरवतो.

१४/
चढाचे गणित सोपे आहे. २० मीटरला १ मीटर चढ असेल तर १,००० किलोचे ओझे सुमारे ५० किलोच्या जोराने मागे खेचते. म्हणून घाटात जादा जोडी जुंपत, थांबताना चाकामागे दगड लावत. उतारावर तेच ५० किलो पुढे ढकलतात. धुरेचा सगळा रेटा जुवावाटे बैलांच्या मानेवर येतो. चढात बैल थकतो, पण उतारात तो चिरडला जाऊ शकतो. म्हणूनच जाणता गाडीवान चढाला जितका भीत नसे, तितका उताराला भीत असे.

१५/
१८६१ ते १८६५ हा अमेरिकेतील यादवी युद्धाचा काळ. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाला कधी नव्हे एवढी किंमत आली. हिंगणघाटचा बनी कापूस आधीच नावाजलेला होता. सरकारने मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त हे पद निर्माण केले आणि रिव्हेट-कार्नाक यांनी ते काम पाहिले. कापूस, सडक आणि रेल्वे हे तीन विषय तेव्हापासून एकत्र बांधले गेले.

१६/
१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोचली. रेल्वे आली आणि बैलगाडी संपली, असा एक समज आहे. घडले उलटे. रेल्वेने लांबचा प्रवास घेतला, परंतु शेत ते स्टेशन हा टप्पा बैलांकडेच राहिला आणि माल वाढल्याने तो अधिक वर्दळीचा झाला. नवे यंत्र जुन्या ओढणाऱ्याला हटवत नाही. पुष्कळदा त्याच्यावरचे काम वाढवते.

१७/
१९१७ मध्ये पुलगाव-आर्वी ही अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली. यवतमाळ-मूर्तिजापूर रेल्वेप्रमाणे तिलाही 'शकुंतला' म्हणून ओळखले गेले. कापूस गिरण्यांकडे आणि बंदराकडे नेणे हे तिचे मुख्य काम. ही रेल्वे आर्वीला थांबली. तळेगाव, आष्टी, कारंजा या बाजूला रूळ आले नाहीत. पुढे ती छोटी रेल्वेही बंद पडली. परिणामी या पट्ट्याचे सारे ओझे सडकेवर आले आणि सडकेवरच राहिले.

१८/
सडकेवर एक नवा झगडा उभा राहिला. लोखंडी धावेची अरुंद चाके खडीची आणि डांबरी सडक कापत, म्हणून बंडी गुन्हेगार ठरली. हवेच्या टायरची गाडी आली. तिच्यावर ओझे हलके होई, पण तिचे टायर गावचा सुतार-लोहार बनवू शकत नव्हता. वर्ध्याच्या मगनवाडीत बसून ग्रामोद्योगांचा विचार करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांच्या दृष्टीने अशा निवडी तांत्रिक नव्हत्या. पैसा गावात राहतो की बाहेर जातो, साधन पुन्हा निर्माण होते की झिजून संपते, हा त्यांचा मूळ प्रश्न होता.

१९/
बैलगाडी मागास म्हणून दुर्लक्षित राहिली, तरी ती संपली नव्हती. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकात तिचा गांभीर्याने अभ्यास केला. देशात तेव्हा सुमारे दीड कोटी बैलगाड्या असल्याचा अंदाज मांडला जाई. बैलाच्या मानेला इजा न करणारे जू आणि हलके फिरणारे चाक यांतून ओढणाऱ्याचा त्रास कमी करता येईल, हा त्यांचा आग्रह होता.

२०/
आता या धाग्याचा कणा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ मध्ये ओढकाम करणाऱ्या आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. त्यांत बैल लहान, मध्यम आणि मोठा असे वेगळे धरले आहेत आणि प्रत्येकासाठी ओझ्याची कमाल मर्यादा आहे. साध्या चाकांच्या तुलनेत हवेच्या टायरवर दीडपट आणि बॉल बेअरिंग असल्यास दुप्पट वजन चालते. कायद्याने चाकाचे घर्षणही हिशेबात घेतले.

२१/
त्याहून महत्त्वाची तरतूद चढाची आहे. वाटेत किमान एक किलोमीटरचा चढ असेल आणि तो ३० मीटरला ३ मीटरपेक्षा तीव्र असेल, तर मर्यादा निम्मी होते. सपाटीवरचे ओझे घाटात तसेच चालणार नाही, हे १९६५ साली कायद्याच्या भाषेत लिहिले गेले. शिवाय दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांहून अधिक नको, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तेथे दुपारी १२ ते ३ जुंपू नये.

२२/
या नियमांचे पालन किती झाले हा वेगळा विषय. त्यांतली दृष्टी मात्र पाहावी. ओढणारा कोण, चाक कसले, वाट कशी, ऊन किती, आणि वेळ किती झाला : ओझे ठरवताना हे पाच प्रश्न विचारले गेले. वाहनाच्या कागदावर छापलेल्या एका आकड्यापेक्षा ही समज कितीतरी परिपूर्ण आहे.

२३/
मोटारीकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात जीप ही चिखलातून आणि डोंगरातून माणसे, तोफा आणि ट्रेलर ओढणारी गाडी म्हणून सिद्ध झाली. १९४५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली. युद्धातली ही गाडी खेड्यात आली आणि तिच्या वंशातून पुढे मालवाहू पिकअप घडले. २००५ मध्ये टाटाचा 'छोटा हत्ती' आला. गाडीला मिळालेले हे लोकनाव जनावराचे असावे, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

२४/
पिकअपने जे दिले ते नाकारणे हा अन्याय ठरेल. पावसाळ्यात पांदण रस्त्याची काळी माती चाकाला धरून ठेवते. शेतातून डांबरी सडकेपर्यंतच्या शेवटच्या एक-दोन किलोमीटरवर पूर्वी संत्र्याचा माल अडकून पडे आणि नासे. उंच चाकांची, दमदार पिकअप तेथून दीड टनाच्या आसपास माल काढते आणि त्याच रात्री नागपूर किंवा अमरावतीच्या बाजारात पोचवते. बागायतदाराला भाव निवडण्याची संधी त्यातून मिळाली.

२५/
अडचण हुकापाशी सुरू होते. हौद्याची क्षमता ही एक गोष्ट, मागे ओढता येणारे वजन ही दुसरी आणि दोन्ही मिळून गाडी थांबवू शकते ते वजन ही तिसरी. इंजिन पहिल्या गिअरमध्ये पुष्कळ काही ओढते. ब्रेक मात्र बहुधा पुढच्या गाडीच्या वजनाला बेतलेले असतात, आणि शेतीच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक सहसा नसतोच. त्यात माल घाईने मागच्या फाळक्याकडे रचला गेला की ट्रॉली उलार. बैलाने मान झटकून ते लगेच सांगितले असते. हुक काही सांगत नाही.

२६/
उताराचा हिशेब करून पाहू. माल, पिकअप आणि ट्रॉली मिळून ५ टन वजन १०० मीटर उंची उतरले, तर आवरताना सुमारे ४९ लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. एवढ्यात साधारण १६ लिटर साधे पाणी उकळीला येईल. गिअर खालचा ठेवला तर यातली बरीच इंजिन पेलते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचवले, तर सगळी ब्रेकवर येते. तापलेला ब्रेक पकड सोडतो आणि शेवटच्या वळणावर पाय दाबूनही गाडी थांबत नाही. याला नशीब म्हणणे चूक आहे.

२७/
कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ मध्ये वजनमर्यादा आहे. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड ठरवला. त्याआधी २०१८ मध्ये ट्रकची अधिकृत मर्यादाच वाढवली गेली : दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. आकडा बदलला, परंतु तो सपाटीला आणि घाटाला एकच राहिला. बैलासाठी जी निम्मेपणाची तरतूद होती, तशी येथे नाही.

२८/
यावर एक रास्त आक्षेप आहे : चालक हौसेने जादा भरत नाही. भाडे खेपेवर ठरते, डिझेल वाढते, गाडीचा हप्ता दरमहा येतो. नियमाप्रमाणे भरणारा स्पर्धेत मागे पडतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच केवळ चालकाला दंड करून प्रश्न सुटत नाही. जादा माल भरण्याचा लाभ व्यापारी आणि पुरवठादार घेतात, तर उतारावरची जोखीम एकटा चालक घेतो. बंजाऱ्याच्या काळी ओझे ठरवणारा आणि नुकसान सोसणारा एकच होता. आज ते दोघे वेगळे आहेत. मर्यादा मोडण्याचे मूळ कारण हेच.

२९/
वेळेचेही तसेच. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली, पाच तासांनंतर विश्रांती सांगितली. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. एका गाडीचा मालक-चालक त्याच्या बाहेरच राहिला. आणि ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या वर्ध्याच्या उन्हाळ्यात दुपारी १२ ते ३ त्याला कोणी थांबवत नाही. या एका बाबतीत कायद्याने बैलाची अधिक काळजी घेतली.

३०/
मग करावे काय? उत्तर इतिहासातच आहे.
• घाटाच्या तोंडाशी जोड-वाहनांसाठी सपाटीपेक्षा कमी वजनमर्यादा असावी.
• ठरावीक वजनावरच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक सक्तीचा असावा आणि तो तपासला जावा.
• जादा भाराची जबाबदारी माल भरून देणाऱ्यावरही यावी, आणि वजनकाटा माल भरण्याच्या जागी असावा.
• एकट्या मालक-चालकालाही विश्रांतीच्या तासांचे संरक्षण मिळावे.
यांपैकी एकही कल्पना नवी नाही. पहिलीचा मसुदा १९६५ सालीच लिहून ठेवला आहे.

३१/
पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भात खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळतात, शेक देतात. तिला केवळ श्रद्धा म्हणून बाजूला सारता येत नाही. ज्या जागी ओझे टेकते ती जागा वर्षातून एकदा तरी हाताने तपासावी, घट्टा पडला आहे की जखम झाली आहे ते पाहावे, ही तीत सामावलेली शिस्त आहे. दसऱ्याला गाडीच्या बॉनेटला हार पडतो. हुक, ब्रेक आणि टायर यांना कोणी हात लावत नाही.

३२/
बैलाची जागा यंत्राने घेतली याची खंत नको. त्या जनावराचे हाल पाहिलेल्या कोणालाही ती वाटणार नाही. खंत एवढीच, की बैलाबरोबर त्याचे नकार देणेही गेले. तो बसत असे, अडत असे, जू टाकत असे. इंजिन अडत नाही. तेव्हा नकार देण्याचे काम आता माणसाला, नियमाला आणि बाजाराला करावे लागेल. ते कोणीच केले नाही, तर शेवटी उतार ते करतो, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा स्टिअरिंगमागे बसलेला माणूस मोजतो.

(समाप्त)